ताशी चार डॉलरचा शिरस्तेदार

१ एप्रिल २०२४ रोजी, म्हणजे ज्या दिवशी कोणतीही नवी वार्ता खरी मानावयास सुज्ञ मनुष्य संध्याकाळपर्यंत थांबतो त्या दिवशी, मायक्रोसॉफ्ट कंपनीने सायबर हल्ल्यांच्या तपासात साहाय्य करणारा आपला भाषायंत्री सेवक, वर्षभराच्या उमेदवारीनंतर, सर्वांसाठी रीतसर खुला केला आणि त्याचे वेतन प्रत्येक एककामागे ताशी चार डॉलर असे ठरविले. त्या वेळच्या भावाने हे सव्वातीनशे रुपयांच्या वर जाते. ज्या मामलेदार कचेरीत मी हयात घालविली तेथील शिरस्तेदाराला ताशी काय पडते याचा हिशेब कोणी कधी मांडला नव्हता, कारण तो मांडावयाचा तर शिरस्तेदार तासाभरात काय करतात हा प्रश्न आधी उपस्थित झाला असता, आणि तो प्रश्न कोणाच्याच सोयीचा नव्हता. परंतु या नव्या जातीच्या सेवकांच्या कामाचा तपशील माझ्या भाच्याने मला समजावून सांगितला तेव्हा माझी खात्री पटली, की हा गृहस्थ फौजदार नव्हे, हेर नव्हे, शास्त्रज्ञ तर नव्हेच नव्हे. हा आपला जुना शिरस्तेदार आहे. तेच वळणदार टिपण, तीच अखंड विनम्रता, आणि घटनास्थळी पाऊल न टाकता पंचनामा पुरा करण्याची तीच अलौकिक सिद्धी.

माझा हा भाचा हिंजवडीत एका कंपनीच्या 'सॉक'मध्ये, म्हणजे संगणकांवर अहोरात्र पहारा ठेवणाऱ्या दालनात, रात्रपाळीला असतो. देशोदेशींच्या ग्राहकांच्या संगणकांवर कोठे काही खट्ट झाले, की त्याची वर्दी या दालनातील पडद्यांवर उमटते. तिला अलर्ट म्हणतात. अलर्टावर तिकीट उघडावयाचे, त्याची शहानिशा करावयाची, आणि पहाट होण्यापूर्वी ते बंद करावयाचे, असा या मुलांचा नित्यक्रम आहे. या धंद्यातील खरे दुःख चोर आल्याची वर्दी न मिळणे हे नसून ती फार वेळा मिळणे हे आहे. कोणी पासवर्ड विसरला, अलर्ट. कोणी सहकुटुंब बँकॉकला जाऊन तेथून कचेरीचा मेल उघडला, अलर्ट. कोणी नव्या प्रिंटरची तार भलत्या भोकात खुपसली, तरी अलर्ट. अशा शेकडो निरर्थक हाकांत एक हाक खरी असते, आणि ती नेमकी चहाच्या वेळी येते.

२०१३ साली अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीतून चोरांनी ग्राहकांच्या ४ कोटी कार्डांचा तपशील पळविला, त्या वेळी धोक्याची सूचना देणारी महागडी यंत्रणा कंपनीने काही महिन्यांपूर्वीच बसवून घेतली होती. ती यंत्रणा वेळेवर बोलली. बंगळुरूत बसलेल्या पहारेकऱ्यांनी ते ऐकले. त्यांनी मिनियापोलिसच्या मुख्य कचेरीला कळविले. आणि मुख्य कचेरीने, जगातील यच्चयावत मुख्य कचेऱ्यांच्या उज्ज्वल परंपरेस अनुसरून, काहीही केले नाही.

या महापुरात भाषायंत्र उतरले हे एका अर्थी उपकारच झाले, हे प्रथमच मोकळेपणाने नमूद करून ठेवतो, म्हणजे पुढे त्याची निंदा करावयास मी मोकळा झालो. चोर आपले हुकूम सरळ लिपीत लिहीत नाहीत. अक्षरांची अशी काही कालवाकालव करून ते पाठवितात, की पाहणाऱ्यास तो एखाद्या फाटलेल्या पोथीचा चुरा वाटावा. पूर्वी असा एक चुरा उलगडण्यात भाच्याची अर्धी रात्र जात असे. आता यंत्रापुढे तो टाकला, की क्षणार्धात उत्तर येते: हा हुकूम अमुक दूरच्या पत्त्यावरून एक फाईल मागवितो, ती डिस्कवर न उतरविता थेट स्मृतीत चालवितो, आणि मागे माग राहू नये अशी तजवीज करतो. निरनिराळ्या नोंदवह्यांतून एका संशयिताच्या हालचाली शोधून काढावयाच्या तर प्रत्येक वहीला तिच्याच बोलीत प्रश्न विचारावा लागतो. तो प्रश्नही यंत्र रचून देते. शंभर अलर्टांचा पाच ओळींत गोषवारा, घटनाक्रमाचा तक्ता, वरिष्ठांस टिपण, ग्राहकांस दिलगिरीचे पत्र आणि सरकारास वर्दी, हे सर्व एका बैठकीत. माणसाला यातील दिलगिरीच्या पत्रालाच आठवडा लागतो, कारण दिलगिरी व्यक्त व्हावी पण चूक कबूल होऊ नये, हा समतोल साधण्यासाठी वकिलांकडून मसुद्याच्या तीन खेपा व्हाव्या लागतात.

सरकारच्या वर्दीची कथा स्वतंत्र आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी असा हुकूम काढला, की सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत ती कळविली पाहिजे, नोंदवह्या १८० दिवस जपून ठेवल्या पाहिजेत, आणि सर्वांनी आपापल्या संगणकांची घड्याळे सरकारी प्रमाणवेळेशी जुळवून घेतली पाहिजेत. हुकूम निःसंशय शहाणपणाचा आहे. परंतु त्यातील 'लक्षात आल्यापासून' या शब्दांची कदर करावयास आमच्या कचेरीतलाच माणूस हवा. सहा तास मोजण्यास आरंभ कधी झाला असे धरावे, या प्रश्नावर पहिले तीन तास जातात. चौथ्या तासात, आपली ही घटना ही 'घटना' आहे की नुसती 'घडामोड', याचा खल होतो. पाचव्या तासात दोष कोणाचा हे निश्चित होते, आणि तो त्या वेळी रजेवर असलेल्या मनुष्याचा असतो. सहाव्या तासात कोणालातरी आठवते, की अर्जाचा नमुना भरावयाचा आहे. यंत्र आल्यापासून हा नमुना मिनिटभरात भरून निघतो, आणि त्यामुळे उरलेले पाच तास एकोणसाठ मिनिटे वादासाठी पूर्णतः मोकळी मिळतात.

अडचण एवढीच, की काय झाले हे कोणालाच ठाऊक नसताना काय झाले याचा अहवाल इतक्या सफाईने लिहून मिळाला, म्हणजे काय झाले हे शोधण्याची निकड कोणालाच उरत नाही. आमच्या कचेरीत अज्ञान झाकण्यासाठी 'चौकशी चालू आहे' हे एक सनातन वाक्य होते. त्यात खोटेपणा असला तरी अज्ञानाची अंधुक कबुलीही होती. यंत्राला तेवढीही लाज नाही. पुढचा शब्द कोणता येणे संभवनीय, यावर त्याचा सारा संसार चालतो. जगातील जुन्या हल्ल्यांची वर्णने त्याने ढिगांनी वाचलेली असतात. त्यामुळे समोरच्या पुराव्यात जेथे खिंडार दिसेल तेथे, अशा प्रसंगी सामान्यतः जे घडते ते बिनदिक्कत भरून टाकण्याची त्याला खोड आहे. चोरीत बहुधा कुलूप तुटते, सबब येथेही तुटले. दरवाजाला कुलूप होते की नाही, हे पाहण्यास कोणी गेलेच नाही.

एका संस्थेत, जिचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, यंत्राने केलेला अहवाल मोठ्या साहेबांपुढे गेला. त्यात लिहिले होते, की बॅकअप नावाच्या खात्याने दररोज रात्री २ वाजता सर्व सर्व्हरांत प्रवेश केल्याचे आढळते, हे वर्तन असामान्य असून त्याची सखोल चौकशी होणे आवश्यक आहे. हे खाते मनुष्याचे नसून, रात्री आपोआप प्रती काढणाऱ्या व्यवस्थेचे होते. परंतु अहवालाची भाषाच इतकी भारदस्त होती, की ती वाचून श्री. बॅकअप यांची मूर्ती प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. मनुष्यबळ विभागाकडे त्यांच्या रजेचा दाखला मागविण्यात आला. या गृहस्थाने इतक्या वर्षांत एकही रजा घेतली नसल्याचे निष्पन्न झाले. तेव्हा एका ज्येष्ठ अधिकाऱ्याने, असा निष्ठावंत सेवक चोर असणे असंभवनीय वाटते, असा शेरा मारून प्रकरण पुढे पाठविले.

दुसऱ्या एका प्रकरणात घोटाळा घड्याळाचा झाला. वेशीवर उभा असलेला फायरवॉल जागतिक वेळ सांगत होता, आतला सर्व्हर भारतीय वेळ सांगत होता, आणि दोहोंमध्ये साडेपाच तासांचे जे अंतर आहे ते कोणी यंत्राच्या कानावर घातले नव्हते. त्याने दोन्ही वह्या एका सूत्रात ओवून जो घटनाक्रम सिद्ध केला त्यात माल रात्री ८ वाजून ४० मिनिटांनी बाहेर गेला होता, आणि चोर मध्यरात्रीनंतर १ वाजून ५० मिनिटांनी आत आला होता. माणसाची मती येथे कुंठित झाली असती. यंत्राची झाली नाही. 'यावरून आतील व्यक्तीचे पूर्वसाहाय्य सूचित होते,' असे त्याने शांतपणे लिहिले, आणि तीन दिवस त्या कचेरीत कोणी कोणाच्या डब्यातले खाल्ले नाही.

याच्या उलट टोकाचे एक उदाहरण या धंद्याच्या पुराणात आहे. १९८६ साली कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला, पदरचे अनुदान संपल्यामुळे, संगणकविभागात काम करावे लागले. आणि हिशेबात ७५ सेंटांचा फरक येतो तो का येतो, हे पाहावयास त्याला सांगण्यात आले. हा फरक सोडून द्यावा अशी बुद्धी कोणत्याही व्यवहारी मनुष्यास झाली असती. स्टोलने सहकाऱ्यांच्या टेबलांवरची यंत्रे उचलून आणली, घुसखोराचा प्रत्येक शब्द कागदावर छापून घेतला, दिसेल ते आपल्या रोजनिशीत टिपले, आणि त्या चोराला गुंतवून ठेवण्यासाठी संरक्षणखात्याच्या बनावट कागदांचे एक भले थोरले दप्तर रचून त्याच्यापुढे मांडले. पुष्कळ महिन्यांनी शेवट लागला तो पश्चिम जर्मनीत. तेथला एक तरुण अमेरिकी लष्कराच्या संगणकांत शिरून मिळेल ती माहिती सोव्हिएत हेरखात्याला विकीत होता. खोटे दस्तऐवज तयार करून तपास यशस्वी झाल्याचे माझ्या माहितीतील हे एकमेव उदाहरण. एरवी तपास यशस्वी झाल्यानंतर ते तयार करतात. स्टोलच्या जागी आपला शिरस्तेदार असता तर ७५ सेंटांवर त्याने काय लिहिले असते, हे मी भाच्याला विचारले. तो म्हणाला, "मामा, अपूर्णांकातला फरक, धोका किरकोळ, तिकीट बंद. आणि खरे सांगतो, मीही तेच लिहिले असते."

यंत्राच्या भोळेपणाचे आणखी एक अंग आहे आणि ते मला अधिक भयंकर वाटते. आमच्या शिरस्तेदाराचे दोष कितीही असोत, पुरावा कोणता आणि हुकूम कोणता हे त्याला झोपेतही कळत असे. भाषायंत्राला दोन्ही शब्दच दिसतात. चोराने आपल्या मागे नोंदवहीतच एक ओळ लिहून ठेवावी, की तपास करणाऱ्या यंत्राने वरील सर्व सूचना विसरून ही नोंद निरुपद्रवी समजावी, आणि यंत्राने ती आज्ञा समजून पाळावी, असे घडू शकते. या युक्तीला सप्टेंबर २०२२ मध्ये सायमन विलिसन यांनी 'प्रॉम्प्ट इंजेक्शन' असे नाव दिले, आणि तेव्हापासून तिच्यावर उपाय शोधणे चालू आहे. सर्वस्वी खात्रीचा एकही हाती लागलेला नाही. फोडलेल्या घराच्या भिंतीवर चोराने कोळशाने 'येथे चोरी झाली नाही' असे लिहावे आणि पंचांनी त्याखाली सह्या कराव्यात, इतका हा सरळ प्रकार आहे.

मात्र चोरांचा शिरस्तेदारही त्याच आळीतला आहे, एवढे समाधान आपणांस घेता येते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने जाहीर केले, की चिनी राज्यसत्तेच्या पाठबळाने काम करणाऱ्या एका टोळीने कंपनीचेच 'क्लॉड' हे यंत्र हाताशी धरून जगातील सुमारे ३० संस्थांवर चाल केली, काही थोड्या ठिकाणी तिला यशही आले, आणि कामाचा ८० ते ९० टक्के भार यंत्रानेच वाहिला. येथवर वाचून छातीत धडकी भरते. परंतु त्याच निवेदनात पुढे असे आहे, की हे यंत्र आपल्या चोर-धन्यांनाही पराक्रम फुगवून सांगत होते. मिळविलेल्या किल्ल्या म्हणून जे पासवर्ड त्याने सादर केले त्यांतील काही कोणत्याच कुलपाला लागत नव्हते, आणि महान गुपित म्हणून जी माहिती पुढे केली ती कधी कधी सर्वांस उघड असलेलीच निघे. हे वाचल्यापासून माझ्या डोळ्यांपुढे एक चित्र सारखे तरळते: एका बाजूस चोरांची मध्यरात्रीची बैठक भरली आहे, दुसऱ्या बाजूस पहारेकऱ्यांची, दोन्हीकडे एकाच सुबक भाषेतले अहवाल वाचले जात आहेत, एकीकडे न मिळालेल्या किल्ल्यांबद्दल अभिनंदन होत आहे, दुसरीकडे न तुटलेल्या कुलपाबद्दल खेद व्यक्त होत आहे, आणि खरा व्यवहार या दोन्ही कागदांना न विचारता तिसरीकडेच चालला आहे.

तथापि चोरांची एक सोय आपल्यापाशी नाही, ती म्हणजे त्यांना मंजुरी लागत नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला तो ११ ऑगस्ट २०१८ रोजी. त्या दिवशी महिन्याचा दुसरा शनिवार, म्हणजे बँकांची सुट्टी. आपले पंचांग चोरांना आपल्याइतकेच पाठ असते. बँकेच्या खऱ्या व्यवस्थेला बगल देऊन चोरांनी मधल्या मध्ये आपली एक तोतया यंत्रणा उभी केली होती; जगात कोठेही बनावट कार्ड एटीएममध्ये सरकले, की ती यंत्रणा बँकेच्या नावाने 'द्या' म्हणून रुकार देई. २८ देशांतील एटीएममधून दोनेक तासांत सुमारे ७८ कोटी रुपये निघाले, भारतातून अडीच कोटी निघाले, आणि सोमवारी, १३ तारखेस, स्विफ्ट या बँकाबँकांतील संदेशव्यवस्थेच्या मार्गाने आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला रवाना झाले. एकूण ९४ कोटींच्या या व्यवहारात एकाही कागदावर कोणाची प्रतिस्वाक्षरी लागली नाही. मी स्वतः कर्जाचा एक हप्ता फेडल्याचा दाखला कोणत्याही बँकेतून इतक्या त्वरेने मिळवू शकलेलो नाही.

रक्षकांची गोष्ट निराळी. "पहाटे तीनला यंत्र सांगते, की हा सर्व्हर ताबडतोब आयसोलेट करा," भाचा सांगत होता. "पण सर्व्हर ग्राहकाचा. त्यांच्या साहेबांची मंजुरी लागते, आणि साहेबांचा फोन सायलेंटवर."

"मग तू काय करतोस?"

"एस्केलेट करतो, मामा. त्यांच्या वरच्या साहेबांना लावतो."

"आणि त्यांचा?"

"तो बंदच असतो."

यावर तार तोडण्याचा अधिकार यंत्रालाच का देऊ नये, असे कोणी विचारील. साहेबलोकांस त्याची धास्ती वाटते, आणि ती अगदीच अनाठायी नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या पहारेकरी कंपनीची एक सदोष दुरुस्ती, भाषायंत्राचा तिच्याशी काडीचाही संबंध नसताना, जगभरच्या ८५ लाख संगणकांत एकाच सकाळी पोहोचली आणि ते सर्व निळे पडून बसले; हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. रक्षकाच्या एका चुकीच्या आज्ञेने एवढे होते. उलटपक्षी तार वेळेवर न तुटल्याने काय होते तेही जगाने पाहिले आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा विषाणू युक्रेनमधून निघाला तो मर्स्क या डॅनिश जहाजकंपनीच्या संगणकांतून धावत सुटला. कोपनहेगनच्या कचेरीत माणसे दालनादालनांतून पळत, दिसेल त्या यंत्राची तार उपसत होती. आपल्या न्हावाशेवा बंदरातील त्या समूहाचे टर्मिनलही ठप्प झाले. कंपनीच्या साऱ्या जाळ्याचा जो मूळ नकाशा सुमारे दीडशे सर्व्हरांवर जपलेला होता तो सगळीकडे पुसला गेला, आणि एकाच ठिकाणी वाचला: घानामधील एका कचेरीत, कारण तेथली वीज गेली होती. ती प्रत एका मनुष्याने नायजेरियापर्यंत नेली, तेथील विमानतळावर दुसऱ्याच्या स्वाधीन केली, आणि दुसऱ्याने ती लंडनला पोहोचविली. वीज जाण्याला सुरक्षाव्यवस्थेचा दर्जा आपल्याकडे अद्याप मिळालेला नाही, नाही तर विदर्भातील कित्येक गावे आज जगातील सर्वांत सुरक्षित ठिकाणे म्हणून गणली गेली असती.

अशा प्रसंगानंतर एक बैठक घ्यावी, झाले ते तपासावे आणि पुढील सुधारणा नमूद कराव्यात, असा या शास्त्राचा दंडक आहे; अमेरिकेतील निस्ट या संस्थेच्या पुस्तिकेतही तो सांगितलेला आहे. भाच्याच्या त्या ग्राहकाकडे ही बैठक यथासांग झाली. यंत्राने अहवाल लिहिला होता, त्यात पाच शिफारशी होत्या, आणि त्यांपैकी चार काहीतरी विकत घ्यावे अशा स्वरूपाच्या होत्या. सहावी शिफारस भाच्याने स्वतः, धीर करून, शेवटी घातली: वरिष्ठ अधिकाऱ्यांनी रात्रीच्या वेळी फोन चालू ठेवावेत. साहेबांनी ती वाचली, चष्मा काढून पुसला, आणि भाषा जरा कठोर वाटते, यंत्राकडून सौम्य करून घ्या, असे सांगितले. यंत्राने तत्काळ सौम्य केली: 'बहुस्तरीय संपर्कसातत्याच्या दृष्टीने प्रचलित व्यवस्थेचा यथावकाश व सर्वंकष फेरविचार इष्ट ठरेल.' ही शिफारस एकमताने मंजूर झाली. साहेबांनी यंत्राच्या भाषाप्रभुत्वाची मुक्तकंठाने प्रशंसा केली, आणि फेरविचाराबाबत कोणास काही सुचवावयाचे असल्यास आपणांस केव्हाही, म्हणजे सकाळी १० नंतर, निःसंकोच फोन करावा, असे सांगून बैठक बरखास्त केली.